बिब्ब्याची खूण आणि कॉलरची चिठ्ठी

शर्टाच्या कॉलरच्या आत किंवा कुर्त्याच्या आतल्या शिवणीला एक पांढरी चिठ्ठी शिवलेली असते. ती मानेला टोचते, म्हणून बऱ्याच घरांत पहिल्याच दिवशी कात्रीने कापून टाकली जाते. तिच्यावर काय छापलेले असते, असे विचारले तर भलेभले डोके खाजवतील. एक टब, एक त्रिकोण, एक चौकोन, एक इस्त्री आणि एक वर्तुळ! कपडा कसा धुवावा, कसा वाळवावा, त्याला इस्त्री किती गरम चालेल, हे सांगणारी ही पाच चित्रे आज जगभरच्या तयार कपड्यांवर असतात. गंमत अशी की, ज्याच्या अंगात तो कपडा असतो त्याला ती वाचायची गरज वाटत नाही, आणि जी बाई तो कपडा धुते तिला ती कुणी वाचून दाखवलेली नसतात.

एवढ्याशा चिठ्ठीवर रविवारचे पान खर्ची घालावे, असे मला एरवी सुचले नसते. सदतीस वर्षे बँकेत खतावण्या तपासल्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. कपडे धुण्याशी माझा संबंध परीटघडीचा शर्ट अंगात घालण्यापुरताच. पण माझ्या पुतणीची मुलगी पुण्याला ग्राफिक डिझाइन शिकते. तिच्या वर्गातल्या पाच जणांच्या गटाला, म्हणजे तीन मुली आणि दोन मुलगे यांना, एका सत्रासाठी विषय मिळाला होता 'कपड्यांची निगा'. चित्रांच्या आणि अक्षरांच्या साह्याने लोकांना समजेल अशी माहिती तयार करायची आणि ती खऱ्या माणसांपुढे ठेवून तपासायची, अशी अट होती. खरी माणसे कुठे शोधायची? नातीने आजोळ सुचवले. अशा रीतीने ही पाच मुले धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, कळंब तालुक्यातल्या आमच्या गावी गुंडाळलेले तक्ते घेऊन दाखल झाली.

तक्ते देखणे होते. त्या पाच चिन्हांची कुळकथा मुलांनी नीट अभ्यासली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन, टेरिलीनसारखे कृत्रिम धागे बाजारात सर्रास मिळू लागले. सुती कापडाला चालणारे कढत पाणी आणि तापलेली इस्त्री या नव्या कापडांना चालेना. युरोपात एका देशात विणलेले कापड दुसऱ्या देशात शिवले जाई आणि तिसऱ्यात विकले जाई. मग सूचना लिहायची कुठल्या भाषेत? त्यावर तोड म्हणून १९६३ साली पॅरिसमध्ये एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि भाषेऐवजी चिन्हांनी बोलायचे ठरले. अमेरिकेने १९७२ पासून कपड्यावर निगेची सूचना लावणे कारखानदारांना बंधनकारक केले. टब म्हणजे धुणे. टबात आकडा असेल तर पाण्याची उष्णता त्याच्या वर नको. टबात हात दिसला तर यंत्रात घालू नका, हाताने धुवा. त्रिकोण म्हणजे ब्लीच. चौकोन म्हणजे वाळवणे. त्यात वर्तुळ असेल तर वाळवण्याचे यंत्र, कोपऱ्यात तिरक्या रेघा असतील तर सावली. इस्त्रीवर एक ठिपका म्हणजे कोमट, तीन ठिपके म्हणजे चांगली तापलेली. नुसते वर्तुळ ड्रायक्लीनिंगवाल्यासाठी. आणि कशावरही फुली असली की ते वर्ज्य. सगळे कसे रेखीव, नेमके, शहाणे!

गावातल्या बचत गटाच्या बैठकीत हे तक्ते लावले गेले. पंचवीस-तीस बायका होत्या. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो होतो. नातीने टबाच्या चित्रावर बोट ठेवून विचारले, "मावशी, हे काय वाटतं?"

"घमेलं हाय की," एक म्हणाली. आत तीसचा आकडा होता, त्यावर दुसरीने लगेच किंमत लावली, "तीस रुपयाला? कुठं मिळतंय बया?"

वर्तुळात इंग्रजी पी होता. एका तरुण सुनेने तो ओळखला. तुळजापूरला गाड्या लावायच्या जागी असतो तोच! चौकोनातल्या वर्तुळाला कुणी टीव्ही म्हणाले, कुणी पंखा. इस्त्री मात्र सगळ्यांनी ओळखली. पण खरी मजा त्रिकोणाने आणली. पुढे बसलेल्या एका सत्तरीच्या आजीने त्रिकोणाकडे बघितले, पदर तोंडाला लावला आणि हसू आवरत म्हणाली, "आवं, ह्यो तर कुटुंबनियोजनाचा. कापडावर कशाला काढला?"

पोरांना काही कळेना. मला कळले. आमच्या पिढीने दवाखान्याच्या भिंतीवर, एसटीच्या मागे, आगपेटीवर लाल त्रिकोण पाहिलेला आहे. साठच्या दशकापासून सरकारने तो खेडोपाडी इतका रंगवला की, अक्षर न येणाऱ्या बाईलाही त्याचा अर्थ पक्का ठाऊक झाला. चिन्हे आपोआप कुणाला कळत नसतात. ती कुणीतरी शिकवावी लागतात, पुन:पुन्हा डोळ्यांपुढे ठेवावी लागतात. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. त्या चित्रांच्या भरवशावर कोट्यवधी निरक्षरांनी राज्यकर्ते निवडले. बैलजोडी, झोपडी, दिवा... ही चित्रे लोकांना कळली, कारण ती त्यांच्या दारातली होती. वाळवण्याचे यंत्र आमच्या गावात एकाही दारात नाही.

मुले हिरमुसली. संध्याकाळी ओसरीवर बसून मी त्यांना एका परटाची गोष्ट सांगितली.

ऐंशीच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. दुर्बल घटकांना चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना १९७२ पासून सुरू होती. त्या योजनेत एका परटाला इस्त्रीचे टेबल आणि कोळशाची जड इस्त्री घेण्यासाठी कर्ज द्यायचे होते. अर्जावर मी 'निरक्षर' असे लिहिले, त्याने अंगठा उठवला, दोन साक्षीदारांनी सह्या ठोकल्या. पुढे पाहणीसाठी त्याच्या घरी गेलो, तेव्हा पडवीत गावभरच्या कपड्यांचे ढीग पडलेले होते. कुणाचे धोतर कुणाच्या घरी जात कसे नाही, असे मी विचारले. त्याने एका धोतराचे टोक उलटून दाखवले. कोपऱ्यात दोन ठिपके आणि एक आडवी रेघ. ती पाटलांची. तीन ठिपके म्हणजे मास्तरांचे घर. ठिपक्याखाली अर्धा चंद्र म्हणजे डॉक्टर. अशा दीडशे-दोनशे घरांच्या खुणा त्याच्या डोक्यात होत्या. त्यांचे वही-पुस्तक कुठेच नव्हते.

या खुणा बिब्ब्याच्या. बिब्ब्याच्या फळातले काळे तेल काडीने कापडावर लावायचे, वर चुना द्यायचा. ती खूण मग भट्टीतही जात नाही. कापड फाटेल, पण खूण राहील. इंग्रजांनी या फळाचे नावच 'मार्किंग नट' ठेवले. बिब्बा अंगावर उततो, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना मात्र ते ठाऊक नव्हते. त्यांच्या मानेवर, कमरेवर फोड येऊ लागले, तेव्हा त्यांचे डॉक्टर बुचकळ्यात पडले. नंतर उलगडा झाला की, फोड नेमके धोब्याच्या खुणेखालीच येतात. १९४३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात त्यावर रीतसर लेख आला.

माझ्या म्हणण्याचा रोख मुलांच्या लक्षात आला. कपड्यावर खूण करून त्याची निगा राखण्याची चाल पॅरिसहून आपल्याकडे आलेली नाही. बारा बलुत्यांतला परीट ती पिढ्यान्पिढ्या चालवत होता. संत गाडगेबाबा या समाजात १८७६ साली जन्मले. चिंध्यांचा अंगरखा घालून आणि हातात झाडू घेऊन ते महाराष्ट्रभर फिरले, हेही इथे आठवावे. फरक एवढाच की, परटाची खूण कपडा धुणाऱ्याने स्वतःसाठी केलेली होती. आजची चिठ्ठी कारखानदार लावतो, दुकानदार विकतो, घालणारा कापून टाकतो. धुणारी त्या साखळीत कुठेच नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलांनी तक्ते गुंडाळून ठेवले आणि वह्या काढल्या. शिकवायच्या ऐवजी विचारायला लागली. मग मात्र बायका जे बोलायला लागल्या ते लिहून घेता घेता मुलांची बोटे दुखली.

हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो. त्याला घाबरून चोळत बसायचे नाही. धुऊन कडक उन्हात घालायचा, तो आपसूक फिका होतो. रक्ताच्या डागाला गरम पाणी लावायचे नाही, डाग बसतो. तेलाच्या डागावर आधी पीठ भुरभुरायचे. नव्या रंगीत लुगड्याला पहिले पाणी मिठाचे आणि वेगळे. इरकलीचे तर शास्त्रच निराळे. तिचे अंग सुती असते आणि पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा. विणकर ते दोन्ही ताणे एकमेकांत अडकवून जोडतो. म्हणजे एका लुगड्यात दोन स्वभाव. अंगाला सोडा चालतो, पदराला चालत नाही. मग बायका काय करतात? पदराची गाठ मारून तो बादलीच्या बाहेर सोडतात, अंग धुऊन घेतात आणि पदर शेवटी रिठ्याच्या पाण्यातून काढतात. ही सूचना कुठल्या चिठ्ठीवर आणि कुठल्या चिन्हाने लिहिणार?

हे ज्ञान नवे नाही, आणि त्याचा पत्ता याच जिल्ह्यात आहे. तेर हे गोरोबाकाकांचे गाव म्हणून आपण ओळखतो. पण त्याचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात ते येते. पैठण आणि तगर येथून गाड्या भरून माल आडरानातून भडोचच्या बंदराला जाई. तगरहून जाई ते साधे कापड आणि नाना परींची मलमल. ज्या भागाने दोन हजार वर्षांपूर्वी रोमपर्यंत पोचणाऱ्या व्यापाराला कापड पुरवले, तिथल्या हातांना कापडाचा स्वभाव कळत असला तर नवल काय?

आता पाण्याकडे येऊ. कारण आमच्या भागात कपड्याच्या निगेचा प्रश्न हा आधी पाण्याचा प्रश्न आहे.

चिठ्ठीवर टबात तीसचा आकडा असतो, म्हणजे तीस अंशांहून गरम पाणी नको. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळातूनच त्याहून कढत येते! काळ्या पाषाणातल्या बोअरचे पाणी जड. त्यातल्या क्षारांशी साबणाची गाठ पडली की फेस येत नाही, पांढरट साका मात्र बसतो. म्हणून साबण जास्त लागतो, आणि साबण जास्त लागला की खळबळायला पाणी जास्त. जलजीवन मिशनने २०१९ मध्ये खेड्यातल्या माणसासाठी दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. वरून कपडे टाकायच्या साध्या धुलाई यंत्राला एका खेपेस शंभर लिटरच्या आसपास पाणी लागते. बँकवाल्याची सवय म्हणून हिशेब मांडतो : यंत्राची एक खेप म्हणजे दोन माणसांचे दिवसभराचे पिणे, रांधणे, अंघोळ, सगळे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून शेजारच्या लातूरला पाण्याची आगगाडी आली, तिच्या पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी होते. यंत्राच्या हिशेबाने ते पाच हजार खेपांचे पाणी. एका शहराची तहान मोजायला हे माप चमत्कारिक आहे खरे, पण कळायला सोपे आहे.

बायकांचे माप घागरीचे आहे. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. त्या वर्षी आमची आई दोन घागरींत सात माणसांचे धुणे करी. आधी पांढरे, त्याच पाण्यात रंगीत, त्याच पाण्यात शेतातले मळके. उरलेले गढूळ पाणी गोठ्यात. खळबळायचे पाणी जपून ठेवायचे, ते उद्याच्या धुण्याचे पहिले पाणी. हा क्रम आज आमच्या गावातल्या चाळिशीच्या बायकांनाही तोंडपाठ आहे. मुलांनी तो चित्रात बसवला : तीन घागरी, एकीतून दुसरीत जाणारा बाण, शेवटी केळीचे झाड. आंतरराष्ट्रीय चिन्हांत पाण्याची उष्णता आहे, पाण्याचे माप नाही. ती उणीव या पोरांच्या तक्त्यावर भरून निघाली.

इथवर सारे छान होते. एका दुपारी बायकांनी दोन्ही मुलग्यांना आणि मला चहा देऊन सन्मानाने बाहेर बसवले आणि मुलींशी तासभर दार लावून बोलल्या. मुली बाहेर आल्या तेव्हा गप्प होत्या. रात्री नातीने सांगितले. घरात एक कापड असे आहे की, त्याच्यावर चिठ्ठी नाही, त्याच्याबद्दल बोलणेही नाही. जुन्या लुगड्याचे जुनेर होते, जुनेराची गोधडी होते, बाळाचे दुपटे होते, शेवटी पोतेरे होते. या सगळ्या रूपांना घरात मान आहे. त्याच जुनेराची एक घडी मात्र पाळीच्या दिवसांत वापरली जाते आणि ती अंधारात धुतली जाते. वाळत घालायची ती परकराच्या खाली किंवा न्हाणीच्या कोनाड्यात. पुरुषांच्या नजरेला पडू नये म्हणून. पावसाळ्यात ती वाळतही नाही. ओलसरच पुन्हा वापरली जाते. खाज, जखमा, ताप... बायका सांगत होत्या आणि मुली ऐकत होत्या. हळदीच्या डागाला कडक ऊन दाखवावे हे ज्या बायकांना कळते, त्यांना या कापडाला ऊन हवे हे कळत नाही काय? चांगलेच कळते. परवानगी नाही. बाजारात पॅड मिळतात, तरुण पोरी ते वापरतात. पण महिन्याच्या महिन्याला त्यासाठी पैसे काढणे सगळ्याच घरांना जमते असे नाही, आणि शेतावर, ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या हाताशी पदराचे फडकेच असते.

गटात त्या रात्री वाद झाला. हा तक्ता करायचा की नाही? परीक्षकांपुढे, वर्गापुढे लावायचा कसा? करायचाच, असे ठासून सांगितले ते एका मुलग्याने. तो म्हणाला, "आपल्याला कपड्यांची निगा हा विषय दिलाय. ज्या कापडाची निगा न घेतल्याने माणूस आजारी पडतं, तेच वगळायचं?" त्याच्या या बोलण्यावर मला भर घालण्यासारखे काही सुचले नाही.

सहावा तक्ता झाला. त्यावर एकही अक्षर नाही. वर सूर्य, खाली वलण, वलणीवर दोन घड्या मोकळ्या पसरलेल्या, शेजारी साबणाची वडी. बायकांनी तो बराच वेळ पाहिला. अर्थ विचारावा लागला नाही. मग त्रिकोण ओळखणारी तीच आजी म्हणाली, "चित्र बराबर हाय लेकी. पर ही वलण कुठं बांधायची त्ये बी काढ की."

मला वाटते, पाच मुलांना सत्रभरात मिळालेला सर्वांत मोठा धडा हाच. चित्र सांगू शकते, आडोसा उभारू शकत नाही. चिठ्ठी 'उन्हात वाळवा' म्हणते, तेव्हा तिने गृहीत धरलेले असते की ऊन आहे, जागा आहे आणि त्या जागेवर त्या बाईचा हक्क आहे. यातले ऊन तेवढे आमच्याकडे मुबलक.

मुलांनी चित्र बदलले. वलण माळवदावर नेली आणि तिच्या तीन बाजूंना पत्र्याचा आडोसा काढला, वरून आभाळ उघडे. त्या तक्त्याची एक प्रत गावच्या आशाताईंनी मागून घेतली. महिन्याभरात गावात दोन घरांच्या माळवदांवर जुन्या पत्र्यांचे असे आडोसे उभे राहिले. दोनच. कर्जवसुलीत आयुष्य गेलेल्या माणसाला दोनचे मोल कळते. पहिले दोन हप्ते वेळेवर आले की खाते चालू आहे असे आम्ही समजत असू.

पुण्याला परीक्षा झाली. मुलांना किती गुण मिळाले ते महत्त्वाचे नाही. उत्तम मिळाले, एवढे सांगून मोकळा होतो. महत्त्वाचे हे की, 'निगा' हा शब्द आपण फार सैल वापरतो. निगा कपड्याची म्हणतो, पण ती होते कुणाच्या तरी हातांनी, कुणीतरी डोक्यावरून आणलेल्या पाण्याने. त्या हातांना काय ठाऊक आहे हे विचारण्याची तसदी कारखानदाराने घेतली नाही. आणि खरे बोलायचे तर घरातल्यांनीही घेतली नाही. सोडा किती, पाणी कितवे, पदर बाहेर की आत, हे सारे ती मनातल्या मनात ठरवते आणि आपल्याला सकाळी फक्त घडी दिसते.

म्हणून वाचकांना एक विनंती. कॉलरची चिठ्ठी टोचत असेल तर खुशाल कापा, पण कापण्याआधी एकदा वाचा, आणि घरात जी धुते किंवा जो धुतो, त्याच्याबरोबर बसून वाचा. चिठ्ठी चुकते कुठे, ते तुम्हांला तिथेच कळेल. मग आज दुपारी ऊन आहे तोवर घरातली वलण नीट पाहा. तिच्यावर कुणाकुणाचे कपडे उन्हात आहेत आणि कुणाचे कापड कशाच्या खाली झाकलेले आहे, ते पाहा. झाकलेले आढळले, तर काही बोलू नका. एक पत्रा आणा, चार खिळे आणा आणि आडोसा करून द्या.